जुनी स्पोर्ट्‌स कार आणि नवे ब्रेक

मोटारीच्या जाहिरातीत ती किती जोरात पळते हे सगळ्यात आधी सांगितलेलं असतं. शून्यापासून शंभरापर्यंत इतक्या सेकंदांत, वगैरे. पण शंभरापासून शून्यापर्यंत यायला तिला किती मीटर रस्ता लागतो, हे जाहिरातवाला सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. ब्रेकची आठवण आपल्याला होते ती पाय दाबूनही गाडी थांबेनाशी झाली की! तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आज थोडं ब्रेकविषयी बोलू या.

कविता लिहिणाऱ्या माणसाला या विषयात काय कळतं, असं तुमच्या मनात येईल. खरं आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, इंजिनिअरिंगशी माझा संबंध नाही. पण माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. चिपळूणहून कऱ्हाडला जाणारी गाडी घेऊन कुंभार्ली घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला, याची मोजदाद नाही. त्यामुळे लायनर, ब्रेक ऑइल, मास्टर सिलिंडर हे शब्द आमच्या घरात कांदा-बटाट्यासारखे वापरात होते. आणि आता या विषयाकडे पुन्हा वळायला निमित्त झालं ते माझ्या भाच्याचं.

हा भाचा इंग्लंडात नोकरी करतो. आमच्या कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबं तिकडे स्थायिक आहेत, त्यातलंच त्याचं एक. त्यानं तिथं एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली, १९९० सालची. दोनच माणसांची, वरचं छप्पर मागं दुमडता येणारी छोटी स्पोर्ट्‌स कार. उन्हाळ्यात बायकोला घेऊन आल्प्स पर्वतातले घाट फिरायचा त्याचा बेत आहे. त्यानं फोन केला आणि म्हणाला, ‘मामू, गाडीला मोठे रोटर आणि चार दट्ट्यांचे लाल कॅलिपर टाकायचं म्हणतोय. मग गाडी निम्म्या अंतरात थांबेल ना?’

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. जुनी गाडी हौसेनं ठेवणारा जगातला जवळपास प्रत्येक माणूस कधी ना कधी हे विचारतो. त्याला जे उत्तर मी दिलं, तेच आज तुमच्यापुढं मांडतो. त्यासाठी त्यानं पाठवलेली दुरुस्तीची पुस्तिका वाचली, आमच्याकडच्या मिस्त्रींशी बोललो आणि थोडं शाळेतलं गणितही उकरून काढलं.

आधी ही गाडी कोणती ते सांगतो, कारण आपल्या रस्त्यांवर ती सहसा दिसत नाही. जपानच्या माझदा कंपनीनं ती १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवली. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. १९६० च्या दशकातल्या हलक्याफुलक्या इंग्रजी स्पोर्ट्‌स कारचा नमुना डोळ्यांपुढं ठेवून ती बनवली होती. वजन हजार किलोच्याही आत. ती इतकी लोकप्रिय झाली, की तिच्या पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. सुरुवातीला तिला १.६ लिटरचं इंजिन होतं. १९९३ मध्ये १.८ लिटरचं आलं आणि त्याबरोबर कंपनीनं ब्रेकही वाढवले. हे ‘त्याबरोबर’ लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता ब्रेक म्हणजे काय ते पाहू. चाकाबरोबर एक ओतीव लोखंडाची जाड थाळी फिरते. तिला आपण डिस्क म्हणतो, जाणकार रोटर म्हणतात. या थाळीच्या कडेवर एक पकड बसवलेली असते, तो कॅलिपर. कॅलिपरच्या आत थाळीच्या दोन्ही बाजूंना ब्रेक पॅड असतात. आपण पायानं पेडल दाबलं, की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये रेटलं जातं, तिथला दट्ट्या पुढं सरकतो आणि पॅड थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात. सायकलच्या रिमला रबरी ठोकळे धरतात तसंच हे, फक्त फार मोठ्या जोरानं.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं. पण नंतर अनेक दशकं मोटारींना ड्रम ब्रेकच असत. बंद डब्यासारखा ड्रम आणि आतून फाकणारे शू. आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि पद्मिनीला वर्षानुवर्षे हेच होते. ड्रमची अडचण अशी, की तो तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून लांब जातो. म्हणजे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो हात आखडता घेतो. शिवाय आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर निवते आणि तापली तर फुगून पॅडच्या बाजूलाच येते. फ्रान्समध्ये ल मान्स इथं चोवीस तासांची मोटार शर्यत होते. १९५३ साली जॅग्वार कंपनीच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून तिथं उतरल्या आणि जिंकल्या. प्रतिस्पर्धी गाड्यांचे ड्रम रात्रभरात थकत गेले आणि जॅग्वारवाले मात्र वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग सोडत नव्हते. त्या वर्षी विजेत्या गाडीचा चोवीस तासांचा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर होता. तेव्हापासून डिस्कचं राज्य सुरू झालं.

आता मुख्य मुद्दा. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. वेग नाहीसा होत नाही, त्याचं रूप बदलतं. किती उष्णता होते, ते बघा. भाच्याची गाडी, तो आणि सामान मिळून १०५० किलो धरू. ताशी १०० किलोमीटर वेगात असताना या वजनात साधारण ४०० किलोज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा म्हणजे किती? चुलीवर सव्वा लिटर पाणी ठेवलं आणि त्याला उकळी आणली, तर जेवढी उष्णता लागेल तेवढी. आपल्या शेगडीला त्याला काही मिनिटं लागतात. गाडीचे ब्रेक ते तीन-साडेतीन सेकंदांत करतात! आणि वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते. म्हणून पन्नासवरून थांबणं आणि शंभरवरून थांबणं यांत दुपटीचा नव्हे, चौपटीचा फरक आहे.

ही सगळी उष्णता आधी रोटर पोटात घेतो. थांबताना गाडीचा भार पुढं झुकतो. एसटीत उभ्या असलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे पुढच्या दोन ब्रेकना साधारण सत्तर टक्के काम करावं लागतं. समजा, पुढचा एक रोटर ४ किलोचा आहे. शंभरवरून एकदा जोरात थांबलं, की तो सुमारे ७५ ते ८० अंशांनी तापतो. तोच ५ किलोचा असेल, तर साधारण ६२ अंशांनी. एकदा थांबायचं असेल तर हा फरक क्षुल्लक आहे. पण लागोपाठ पाच वेळा थांबलात आणि मध्ये निवायला वेळ मिळाला नाही, तर एक जवळजवळ ४०० अंशांनी तापलेला असेल आणि दुसरा ३०० च्या थोडा वर. मोठ्या रोटरचा खरा फायदा हा आहे. तो थकायला उशीर लावतो.

मग भाच्याच्या प्रश्नाचं काय? गाडी निम्म्या अंतरात थांबेल का? नाही थांबणार. कारण गाडीला शेवटी थांबवतो तो टायर. ब्रेक चाकाला थांबवतो आणि टायर रस्ता धरून गाडीला थांबवतो. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, शंभरवरून थांबायला चाळीस-पंचेचाळीस मीटर लागणारच. भाच्याच्या गाडीचे मूळचे ब्रेक नीट चालत असतील, तर जोरात पेडल दाबल्यावर ते आजही चाक जागच्या जागी अडकवू शकतात. म्हणजे टायरच्या पकडीची शेवटची हद्द त्यांनी गाठलेली आहे. त्यापुढं तुम्ही कितीही मोठा ब्रेक लावा, टायर नुसता घासत जाईल. घट्ट पकडीचे नवे टायर घातले तर मात्र पहिल्याच थांबण्यात फरक दिसेल. हे ऐकून भाचा जरा हिरमुसला. लाल कॅलिपर चाकाच्या आऱ्यांमधून दिसतात, टायरची पकड दिसत नाही.

पण मी त्याला ‘काही करू नकोस’ असं सांगितलं नाही. कारण तो आल्प्समध्ये जाणार आहे. तिथं इटलीत स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे, २७५७ मीटर उंचीवर. तिच्या एका बाजूला रस्त्याला ४८ नागमोडी वळणं आहेत आणि खाली गावात पोहोचेपर्यंत गाडी सुमारे १८०० मीटर उतरते. तेवढं उतरताना १०५० किलोच्या गाडीतून जी ऊर्जा बाहेर पडते, ती शंभरवरून पंचेचाळीस वेळा थांबण्याएवढी असते. त्यातली काही वारा घेईल, काही इंजिन घेईल. पण ड्रायव्हरनं गिअर न्यूट्रलला टाकून नुसत्या ब्रेकवर उतरायचं ठरवलं, तर बाकीची सगळी त्या चार थाळ्यांवर येणार. इथं मोठा रोटर उपयोगी पडतो. पण त्याच्याही आधी दुसऱ्या काही गोष्टी उपयोगी पडतात, आणि त्या स्वस्त आहेत. म्हणून मी त्याला क्रम लिहून दिला.

पहिली गोष्ट, आहे तो ब्रेक धड आहे का ते बघ. पस्तीस वर्षांच्या गाडीत कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकतात. मग एकाच बाजूचा पॅड घासतो, दुसरा नुसता बघत बसतो. दट्ट्याभोवतीचं रबर फाटलं असेल तर आत पाणी जाऊन दट्ट्या गंजतो. या गाडीच्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असते, आणि ती जाम होणं हे या गाडीचं नेहमीचं दुखणं आहे. इंग्लंडात जुन्या गाडीची दर वर्षी सक्तीची तपासणी होते. त्यात गाडी रोलरवर उभी करून डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकचा जोर मोजतात. तो कागद काढून बघ, म्हटलं. मूळचा ब्रेक नव्यासारखा करणं, ही जुन्या गाडीतली सर्वांत मोठी सुधारणा असते.

दुसरी गोष्ट, ब्रेक ऑइल. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण नेहमीचं ब्रेक ऑइल हे तेल नसून ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. ते हवेतली ओल हळूहळू शोषून घेतं. कोकणात पावसाळ्यात मीठ पाणी धरतं ना, तसंच. डॉट-४ या प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं, असं प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट-३ चे आकडे २०५ आणि १४० असे आहेत. आता घाट उतरताना कॅलिपर तापला आणि आतलं ऑइल उकळलं, तर त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर पुढं पोचवतो. वाफ मात्र स्पंजासारखी दबते. पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी तशीच धावत राहते. ‘ब्रेक फेल’ म्हणून आपण ज्या बातम्या वाचतो, त्यांतल्या काहींमागं हे कारण असतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचा नियम पाळला तर हा धोका बराच टळतो. एक इशारा इथंच देतो. डॉट-५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळ्या जातीचं आहे, ते यात मिसळायचं नाही. डॉट-५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे. नावं सारखी असल्यानं घोटाळा होतो.

तिसरी गोष्ट, रबरी नळ्या. चाकापाशी हलती जोडणी लागते म्हणून तिथं रबरी होज पाइप असतो. तो म्हातारा झाला की दाबाखाली फुगतो. मग आपल्या पायाचा थोडा जोर नळी फुगवण्यातच जातो. कधी तो आतून सुजतो आणि ऑइल परत यायची वाट अडते, मग पाय काढला तरी ब्रेक धरलेला राहतो. नव्या नळ्या घाल. वरून तारेची वीण असलेल्या मिळाल्या तर पेडल आणखी कडक लागेल.

चौथी गोष्ट, पॅड. पॅडचा मसाला कशासाठी बनवला आहे ते पाहायचं. साधा पॅड फार तापला की त्याची पकड सुटते. पेडल कडक लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. उलट शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत. सकाळी घरातून निघालात आणि पहिल्याच चौकात मूल आडवं आलं, तर तो थंड शर्यतीचा पॅड तुमच्या काय कामाचा? रस्त्यावरच्या गाडीला थंडपणीही धरणारा आणि घाटातही टिकणारा पॅड हवा.

हे चार झाल्यावर मग रोटर. इथं मी मघाशी सांगितलेलं ‘त्याबरोबर’ कामाला येतं. या गाडीच्या १.६ लिटरच्या जुन्या मॉडेलला पुढं २३५ मिलिमीटर व्यासाचा रोटर होता आणि मागं २३१. १.८ लिटरच्या मॉडेलला कंपनीनं पुढं २५५ आणि मागं २५१ केला. बघा, दोन्हीकडं बरोबर २० मिलिमीटर वाढवले. पुढचा रोटर जाडीलाही १८ वरून २० मिलिमीटर झाला. हा कंपनीचाच मोठा संच जुन्या गाडीवर बसतो, त्यामुळे मिआटा बाळगणाऱ्यांत हा बदल फार प्रसिद्ध आहे. व्यास २० मिलिमीटरनं वाढला म्हणजे पॅड चाकाच्या मध्यापासून १० मिलिमीटर लांब गेला. दाराची कडी बिजागरीपासून जितकी लांब, तितकं दार ढकलायला सोपं. त्याच न्यायानं इथं पायाचा जोर तेवढाच असताना थांबवणारी ताकद साधारण दहा टक्क्यांनी वाढते. शिवाय लोखंड वाढल्यानं उष्णता पोटात घ्यायची ताकद वाढते ती वेगळीच.

पण पुढं आणि मागं सारखंच का वाढवलं? हा मुद्दा हौशी माणसं नेहमी विसरतात. ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांनी आणि मागच्या चाकांनी किती काम करायचं, याचं एक प्रमाण गाडी बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. मागची चाकं आधी अडकली, तर गाडीची शेपूट फिरते आणि गाडी गर्रकन उलटी होते. पुढची फारच आधी अडकली, तर मागचे ब्रेक अर्धपोटी राहतात आणि गाडी सरळ घसरत जाते, स्टिअरिंग वळवून उपयोग होत नाही. फक्त पुढं भलामोठा ब्रेक लावला आणि मागं जुनाच ठेवला, तर थांबायचं अंतर कमी होण्याऐवजी वाढूही शकतं. पैसे घालून वाढवलेलं अंतर! कंपनीचा संच दोन्हीकडं बसवला तर प्रमाण जवळपास तेच राहतं.

आता ते लाल कॅलिपर. कंपनीच्या कॅलिपरला एकाच बाजूला एक दट्ट्या असतो आणि कॅलिपर स्वतः पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. चार दट्ट्यांचा कॅलिपर जागेवर घट्ट असतो आणि दोन-दोन दट्ट्ये दोन्ही बाजूंनी दाबतात. चार म्हणजे चौपट जोर, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जोर ठरतो एका बाजूच्या दट्ट्यांच्या क्षेत्रफळावर. ५१ मिलिमीटर व्यासाचा एक दट्ट्या घ्या. त्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे २० चौरस सेंटिमीटर. ३६ मिलिमीटरचे दोन घ्या, तेही मिळून तेवढंच भरतं! मग फायदा काय? लांब पॅडवर दाब सारखा पसरतो, पॅड तिरका झिजत नाही, कॅलिपर वाकत नाही, पेडलचा अंदाज पायाला नेमका येतो. ॲल्युमिनियमचा असेल तर वजनही घटतं. हे फायदे खरे आहेत, पण ते शर्यतीच्या मैदानावर जास्त जाणवतात.

आणि क्षेत्रफळ खरोखरच वाढवलं तर? तर चिमट्याचा जोर वाढतो, पण दट्ट्या सरकवायला ऑइलही जास्त लागतं. ते येणार मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल जास्त खोल जाणार. मग लोक मोठा मास्टर सिलिंडर बसवतात. त्यानं पेडल वर येतं, पण तेवढ्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो. पास्कलचा नियम आहे तो. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतो. शिवाय कॅलिपर मोठा झाला की तो जुन्या १४ इंची चाकाच्या आत मावत नाही. मग मोठी चाकं, मोठे टायर आणि वाढलेलं वजन. हलकेपणा हाच जिचा गुण, ती गाडी जड होत जाते.

भोकं पाडलेल्या रोटरबद्दलही भाच्यानं विचारलं. दिसायला ते सुंदर दिसतात. जुन्या काळी पॅड तापून त्यांतून वायू निघे, त्याला वाट द्यायला ती भोकं होती. आताच्या पॅडना त्याची गरज फारशी उरलेली नाही. उलट भोकाच्या कडेपासून बारीक तडे जायला सुरुवात होते आणि लोखंडही कमी होतं, जे आपल्याला उष्णतेसाठी हवं होतं. रस्त्यावरच्या गाडीला साधा, सपाट, चांगल्या प्रतीचा रोटर उत्तम.

शेवटी बसवण्याविषयी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचे. हबवरचा गंज पार घासून काढायचा. तिथं गंजाची बारीकशी पापडी राहिली, तरी रोटर किंचित तिरका बसतो आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. लोक म्हणतात, डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकडी नसते, तिची जाडी कुठं कमी कुठं जास्त झालेली असते किंवा पॅडचा मसाला डागासारखा चिकटलेला असतो. नव्या रोटरवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं येतं, ते पुसून काढायचं. सोडलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं बांधायचा. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानंच आवळायचे. ऑइलमधली हवा पूर्ण काढायची. मग गाडी बाहेर काढण्यापूर्वी पेडल पंप करून कडक झालंय का ते बघायचं. नवे पॅड दट्ट्यापासून लांब असतात, पहिल्या वेळी पेडल रिकामं जातं.

त्यानंतर नव्या पॅड-रोटरची ओळख करून द्यायची. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न दाबता दूरवर चालवून निवू द्यायची. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं, की पॅडचा डाग तिथंच छापला जातो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. इंग्लंडात गाडीत असा बदल केला की विमा कंपनीला कळवावं लागतं, नाही तर अपघातानंतर भरपाई अडकू शकते. आपल्याकडं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं घातली आहेत. आपल्या गाडीत काही बदलण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

भाच्यानं अखेर लाल कॅलिपरचा बेत सोडला. कंपनीचा मोठा संच पुढं-मागं, नवं ऑइल, नव्या नळ्या, चांगले पॅड आणि उरलेल्या पैशांत टायर, असं ठरलं. त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती फुकट आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो. अब्बा नेहमी म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. गाडी खालच्या गिअरमध्ये असली, की इंजिन तिला मागून धरून ठेवतं आणि ब्रेक मोकळे, थंड राहतात. डिझेल वाचवायला गिअर काढून घाट उतरणारा ट्रक १६ टनांचा असेल आणि ५०० मीटर उतरत असेल, तर त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा भाच्याच्या गाडीला शंभरवरून सुमारे १९० वेळा थांबवण्याएवढी असते. एवढी आग पोटात घेईल असा ब्रेक कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तुमच्याकडं स्पोर्ट्‌स कार नसेल, माझ्याकडंही नाही. पण बहुतेक घरांत आता स्कूटर किंवा लहान मोटार आहे. येत्या आठवड्यात मिस्त्रीकडं जाल तेव्हा एवढं विचारा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, पॅड किती उरलेत, आणि टायरची नक्षी शिल्लक आहे ना? आणि घाट उतरताना गिअर काढू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)